बापूंच्या गोडाऊनमधली घट

आमच्या गोडाऊनमध्ये आलेली प्रत्येक वस्तू वजनाला घटायची. किस्से तेवढे वाढत गेले. अजूनही चार मित्र जमले की एखादा निघतोच, आणि चहा गार होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साताऱ्यात एमआयडीसीच्या कडेला एका सहकारी भांडाराचं गोडाऊन होतं. मी तिथं क्लार्क. गोडाऊनकीपर म्हणजे बापू, मूळचे म्हसवडचे, मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. तिसरा रंगा हमाल. बापूंच्या लेखी आम्ही दोघं म्हणजे पलटण. रोज सकाळी शटर वर गेलं की फॉलिन, सावधान, विश्राम, आणि मगच चहा!

*

एका पावसाळ्यात गुळाला पाणी सुटलं. ढेपा पाघळल्या आणि फरशीभर चिकटा झाला. बापूंनी मात्र परेड चुकवली नाही.

"सावधान!" रंगानं टाच मारली. "विश्राम!" रंगाचा पाय काही हलेना. बापू तापले, "हुकूम ऐकू येत न्हाई व्हय रं?"

"आवं बापू, मी कवाच इश्राम केलाय. चप्पल सावधानमदीच हाय!"

*

धुण्याचा साबण ठेवून ठेवून वाळायचा. वड्या आकसायच्या. सांगलीच्या हेड ऑफिसातून नवे साहेब तपासणीला आले, त्यांनी एक वडी हातात घेऊन विचारलं, "न वापरता साबण झिजतो कसा?"

"त्यातलं पानी उडून जातं, साहेब," बापू म्हणाले.

"कुठं जातं?"

"म्हाईत न्हाई. जाताना सांगून जात न्हाई."

साहेबांनी मग आमच्या अंगावरचे कपडे निरखले. रंगाचा शर्ट बघून त्याला जागेवर निर्दोष सोडलं. माझा शर्ट त्या दिवशी नेमका पांढराशुभ्र! संध्याकाळपर्यंत ते माझ्याकडं वळून वळून बघत होते.

*

याच साहेबांनी एकदा मिरचीची पोती मोजायला घेतली. मिरची वाळली की वजनाला मार खाते, हे त्यांना पटत नव्हतं. मधेच शिंक यायची, आकडा विसरायचा, पुन्हा पहिल्यापासून! शेवटी नाकाला रुमाल लावून ते बाहेर पळाले आणि लांबूनच ओरडले, "बरोबर आहे!"

बापू हळूच मला म्हणाले, "सगळाच माल मिरचीमागं रचाय पायजे हुता गड्या."

*

कांद्याच्या वेळी मात्र प्रकरण चिघळलं. उन्हाळ्यात कांदा सुकला, काही सडला, आणि घट भरमसाट आली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढा कांदा सुकत नाही, बापू. कुणीतरी नेतंय."

बापूंनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. "मिलिटरीतली आक्खी नोकरी रेशन स्टोअरवर काढली," ते म्हणाले, "कुनी बोट दावलं न्हाई. आन् हितं चोर?" मला फार वाईट वाटलं.

रंगानं उपाय काढला, "बापू, ऱ्हायलेल्या कांद्यावर पानी मारू. वजन बसंल!"

"मंग खरंच चोर हू की रं!" बापू त्याच्यावर खेकसले.

*

पुढच्या वर्षी साहेबांनी कसोटीच लावली. बाजरीचं एक पोतं स्वतः काट्यावर चढवून वजन केलं, लाखेचं सील मारलं, कोपऱ्यातल्या खोलीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"उन्हाळा सरला की येईन. वजन उतरलं, तर माल आपोआप घटतो हे मान्य. पुरं भरलं, तर इतकी वर्षं चोरीच होत होती! मग तुम्ही घरी, बापू."

आता आली का पंचाईत! जन्मभर 'घट येऊ नको' म्हणणारा माणूस म्हसवडला जाऊन सिद्धनाथापुढं उभा राहिला, "देवा, यंदा लय घट येऊ दे!" पुजाऱ्यानं दोनदा वळून बघितलं, असं बापूंनीच आम्हाला सांगितलं.

साहेब आले. कुलूप जसंच्या तसं, सील शाबूत. रंगानं पोतं काट्यावर ठेवलं. वजन पुरेपूर!

बापूंचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, "बघितलंत? माझ्या कुलपात दाणा घटला नाही."

तेवढ्यात पोतं हललं.

बुडाशी एक भोक होतं. त्यातून एक उंदीर बाहेर आला, इकडंतिकडं बघून साहेबांच्या बुटावरून पळाला. त्याच्यामागं दुसरा, तिसरा, मग आक्खं खानदान, चांगलं गुबगुबीत! इकडं काट्यावरचं वजन उतरत चाललं आणि साहेब एका पायावर उभे.

बापूंनी खाडकन टाच मारली.

"रंगा, गिनती कर! एक बी कमी भरला, तर साहेब पुन्यांदा आपल्याला चोर म्हनतील!"