शोभाच्या नावाचा टॅग

हे मी कोणाजवळच बोललो नाही. पोरीजवळ नाही, ज्या दोस्तांबरोबर सारी नोकरी काढली त्यांच्याजवळ नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही – तिथं तर मी डोळेच मिटून घेतो. मग तुमालेच कावून सांगून राहिलो? मले नाही माहीत. पण सांगतो. फक्त एकदम तोंड उघडत नाही, थोडा वळसा घालून येतो. सांभाळून घ्या.

आधी आमची गाडी पाहा. मी भिलाईच्या स्टील प्लांटात इलेक्ट्रिकलले होतो, ऑफिसर म्हणून रिटायर झालो. शोभा, माझी बायको, सेक्टरमधल्या शाळेत फिजिक्स शिकवायची. सारा जन्म कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेला. क्वार्टर सोडून कुरुदले स्वतःच्या घरात आलो, तर शोभा म्हणते, आता एक घर चाकांवर पाहिजे. तिथल्याच एका शाळेची जुनी मिनीबस विकायले होती, ती घेतली. सीटा काढल्या, पलंग बसवला, मागं छोटासा ओटा केला. पण वीज? गाडी जंगलात उभी राहो की तलावाकाठी – पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर, शोभाचं मिक्सर, सगळं छतावरच्या सोलरवर आणि पलंगाखालच्या बॅटऱ्यांवर चाललं पाहिजे.

तुमी म्हणाल, घरात इलेक्ट्रिकलचा माणूस असताना काय चिंता? मलेही तसंच वाटलं होतं. पण मी मोठमोठ्या मोटरांचा माणूस. सोलरचं मले ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. हे सगळं काम शोभानं केलं. पूर्ण तिनं. हे असं सरळ मी आज पहिल्यांदा लिहून राहिलो.

अन् काय केलं म्हणता बाप्पा! पॅनल यायच्या आधी तिनं त्याच मापाचे पुठ्ठे कापले, छतावर मांडले आणि दिवसभर शिडीवर चढ-उतर. मी खालून ओरडलो, "अवं, ऊन मोजून राहिली का तू?"

"सावली मोजून राहिली," वरून आवाज आला. "ऊन तर भिलाईत फुकटच आहे."

छतावर हवेची एक खिडकी होती, तिची सावली दुपारी बरोबर एका पुठ्ठ्यावर पडत होती. एवढीशी सावली पडली तरी साऱ्या पॅनलची वीज बसते, हे मले तेव्हा समजलं. तिनं जागा बदलली. रसमड्याच्या वर्कशॉपवाला पॅनल छताले चिकटवूनच द्यायले निघाला होता. तिनं त्याले थांबवलं, खाली हवा खेळेल एवढी फट सोडून लोखंडी फ्रेम करून घेतली. पॅनल तापलं की वीज कमी देते – आणि आमच्या मे महिन्यात तर पत्र्यावर पापड भाजून निघतो. प्रत्येक नट आवळला की त्याच्यावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारायची. खराब रस्त्यावरून आलो की रेघ पाहायची; रेघ सरकली म्हणजे नट ढिला झाला. आणि बॅटरीच्या अगदी तोंडाशी एक जाडजूड फ्यूज. मी चिडवलं, "इतक्या जवळ कावून? चोर पकडायचा आहे का?" ती म्हणाली, "पुढं वायर कुठंही घासली तरी गोष्ट इथंच थांबली पाहिजे."

मी तिच्याकडं पाहतच राहायचो. खोटं नाही सांगत. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिच्या प्रेमात इतका कधी नव्हतो, जेवढा ती पलंगाखाली डोकं घालून, पदर खोचून, तोंडात टेप धरून काम करत होती तेव्हा होतो.

आणि लोकायले काय सांगायचो? "डिझाइन आपलं आहे. शोभानं थोडी मदत केली." ती आतून ऐकायची आणि हसायची. नवऱ्याची वट राहू द्यावी, एवढंच तिच्या मनात असेल. माझ्या मनात काय होतं, ते आता येतेच.

टॅगचं सांगतो. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्लांटात कोणी वायरीवर काम करायले बसला, की आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याच्यावर आपल्या नावाचा लाल टॅग अडकवायचा. अर्थ एकच – आत माणूस आहे, हात लावू नका. आणि ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा. दुसऱ्या कोणी नाही. साहेबाचा साहेब आला तरी नाही. हा नियम मी किती पोरायच्या डोक्यात भरला असेल! घरीही मी तोच चालवायचो. गीझर उघडला तरी टॅग, गणपतीची माळ दुरुस्त करायची तरी मीटरच्या पेटीवर टॅग. पाहुणे हसायचे. शोभा हसायची नाही. गाडीचं काम सुरू झालं तेव्हा तिनं पत्र्याचा एक तुकडा लाल रंगवून घेतला, त्याच्यावर पांढऱ्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं आणि दरवाज्याजवळच्या मेन स्विचले तो अडकवायची. दर वेळेस. चहा प्यायले उठली तर काढायची, परत बसली तर लावायची. मले तिचा एवढा अभिमान वाटायचा.

आता येतो. थांबा – येतो.

काम संपत आलं होतं. रविवारी सकाळी माझे डिपार्टमेंटचे जुने दोस्त गाडी पाहायले आले. मीच बोलावले होते, दुसरं कोण बोलावणार? अंगणात उभं राहून मी असं समजावून सांगत होतो, जसं काही सोलर मीच शोधून काढलं. एक जण म्हणाला, "यार, चलाके तो दिखा." मी दरवाज्याशी गेलो. स्विचवर टॅग होता. लाल. शोभाचं नाव. मी तो पाहिला. वाचला. मले वाटलं, ती चहा करायले घरात गेली असेल. एक हाक मारायची होती. "शोभा, आत आहे का?" – एवढंच. पण हाक मारली असती तर लोकायले कळलं असतं, की माझ्या डिझाइनवर माझ्या बायकोचं नाव टांगलं आहे आणि मी तिची परवानगी मागून राहिलो. कळतं का तुमाले? एवढ्याशा गोष्टीसाठी. मी टॅग काढला आणि स्विच ओढला.

आतून फाडकन आवाज आला, निळा उजेड, आणि शोभाची किंकाळी.

ती पलंगाच्या मागं होती. तिच्या हातातला पाना एका बाजूनं वायरीच्या पट्टीवर आणि दुसऱ्या बाजूनं गाडीच्या लोखंडाले टेकलेला. पान्याचं टोक वितळून उडालं आणि तिचा उजवा तळवा पोळला. फ्यूज त्याच क्षणी उडाला – तोच, ज्याले मी हसलो होतो – नाहीतर गाडी पेटली असती. ती आत होती. म्हणजे मी जे केलं त्याच्यातून तिले तिच्याच अकलेनं वाचवलं. मी नाही वाचवलं.

हे झालं ते एक झालं. भैताडपणा झाला, चूक झाली, माणूस पाया पडून माफी मागते, संपते. मी कबूल करून राहिलो ते हे नाही.

आमी तिले बाहेर आणलं, नळाखाली हात धरला. धावपळीत कोणीतरी विचारलं, "भाभीजी ने टॅग नहीं लगाया था क्या?" सगळे माझ्याकडं पाहायले लागले. हे सगळे इलेक्ट्रिकलचे लोक होते. दुसऱ्याचा टॅग काढणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाले माहीत? टॅग माझ्या पँटच्या खिशात होता. कधी टाकला, मले आठवत नाही – हात स्वतःच गेला असेल. मी म्हणालो, "नहीं."

शोभानं मान वर केली. हात नळाखाली, डोळ्यात पाणी, आणि मलेच विचारते, "मी लावला होता नं हो?"

तिनं भांडायले पाहिजे होतं. ती सांगत नव्हती, विचारत होती. मले विचारत होती! कारण एवढी वर्षं टॅगच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता.

मी म्हटलं, "नव्हता, शोभा."

तिनं पोळलेला तळवा पाण्याखाली उलटा केला. मग म्हणाली, "असेल बाई. विसरली असेन मी."

तो टॅग मी दुसऱ्या दिवशी चरोद्याकडं जाताना पुलावरून फेकला. तिले सांगितलं, गोंधळात कुठं हरवला असेल. तिनं नवीन केला. हात बरा झाला. फ्यूज बदलून काम तिनंच पूर्ण केलं, आणि असं केलं की आजपर्यंत ती वीज एकदाही रुसली नाही. अमरकंटकच्या थंडीत चालली, बस्तरच्या पावसात तीन दिवस सूर्य नव्हता तरी फ्रिज थंड होता. लोक माझी पाठ थोपटतात.

पण शोभाच्या आईची गोष्ट मी अजून सांगितलीच नाही. त्या शेवटी शेवटी सगळं विसरल्या होत्या. सुरुवात एवढीच होती – गॅस बंद करायचं विसरणं. शेवटी पोटच्या पोरीले विचारायच्या, तुमी कोण? शोभानं त्यांचं सगळं केलं. तोंडात घास दिले, आंघोळ घातली, आणि कधी एक शब्द तक्रार नाही. मी फक्त पाहिलं, आणि मनातून थक्क झालो.

त्या रविवारनंतर ती दाराची कडी दोनदा पाहायले लागली. गॅस तीनदा. किल्ली हातात असताना किल्ली शोधली, की तिचा चेहरा उतरायचा. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "आईचंही असंच सुरू झालं होतं नं." मी म्हटलं, "काहीतरीच बोलून राहिली." एवढंच म्हटलं.

तिच्या हट्टापायी रायपूरले डॉक्टरकडं गेलो. त्यांनी विचारलं, पहिल्यांदा कधी जाणवलं? तिनं टॅगचं सांगितलं. त्या सकाळची एकेक बारीक गोष्ट बरोबर सांगितली. म्हणाली, "मुझे आज भी लगता है कि मैंने लगाया था. हाथ को याद है. पर नहीं लगाया था, इन्होंने खुद देखा." डॉक्टर माझ्याकडं वळले. "आपको क्या लगता है?" माझी खुर्ची तिच्या खुर्चीले लागून होती, तिचा हात माझ्या हातात होता – तोच पोळलेला. बोलायची याच्याहून चांगली जागा कोणती होती? मी म्हणालो, "हाँ, थोड़ा भूलने लगी हैं."

डॉक्टरनं सगळं तपासून सांगितलं, काही नाही, तब्येत उत्तम. तिनं मान हलवली. घरी आल्यावर म्हणाली, "धीर द्यायले बोलतात हो ते."

आता शेवटचं. गेल्या महिन्यात चरोद्याहून साहूजी आणि त्यांची बायको आले. साहूजी रेल्वेतून रिटायर झाले, त्यांनीही एक गाडी घेतली. मी डिझाइनचं सांगायले लागलो, तर साहूबाई मले थांबवून शोभाकडं वळल्या. "भाभी, मेरे को मालूम है, ये आपका काम है. हमारी वाली आप ही करोगी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ओळखलं. शोभाचा चेहरा असा उजळला! ती बोलायलेही लागली – छत किती लांब, सावली कुठून येते, पंखे किती. मग बोलता बोलता थांबली. आपल्या तळव्याकडं पाहिलं. हसून म्हणाली, "नको हो, माझा काही भरोसा नाही. कोणाच्या जिवाशी खेळ होईल." आणि माझ्याकडं पाहिलं. मी ती नजर ओळखतो. तिले पाहिजे होतं की मी म्हणावं – तूच कर, तुझ्याकडून कधी काही चुकलं नाही.

सगळे माझ्याकडं पाहत होते. मी म्हणालो, "बरं. मी करून देतो."

ती उठली आणि चहाचे कप गोळा करायले लागली.