कायसाच्या मापाची रायफल

अर्वो माझ्या थोरल्या बहिणीचा, लेम्पीचा नवरा. ती वारली आणि त्याच्या मनातलं ओळखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तांब्याच्या खाणीत उभा जन्म काढलेला माणूस, त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे खडक फोडणंच.

गेल्या हिवाळ्यापासून त्याचे हात थरथरायला लागले. सप्टेंबरात मला बोलावून म्हणाला, "हिल्मा, यंदाची शिकार शेवटची. एक रायफल घराण्यात राहील, बाकीच्या देऊन टाकतो. कोणती ठेवू?"

टेबलावर तीन होत्या. एक त्याच्या वडिलांची, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. दुसरी अक्रोडाच्या नक्षीदार दस्त्याची, खाणीतल्या सोबत्यांनी निवृत्तीच्या दिवशी दिलेली. खोटं कशाला बोलू, माझा डोळा तिच्यावर होता. तिसरी बुटकी. त्यांची लेक कायसा लहान असताना तिच्या हाताला पुरावी म्हणून अर्वोनं त्या रायफलीचा खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता मागून बोटभर कापला होता. तुकडा कॉफीच्या डब्यात जपून ठेवला होता, पोर वाढली की परत जोडायला.

पोर वाढली आणि डेट्रॉइटला गेली. नोकरी, संसार, मग इकडे येणंच सुटलं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं, पण तसलं काहीच नव्हतं. दर नोव्हेंबरात शिकार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी अर्वो रानातल्या केबिनमध्ये लेम्पीचा जाड लोकरी कोट खुंटीला लावायचा, कायसा आली तर असावा म्हणून. हंगाम संपला की गुपचूप काढून ठेवायचा. मला बघवायचं नाही ते.

"नक्षीवाली ठेव," मी म्हटलं, "नाहीतर मला दे."

"म्हातारे, तुला हरीण दिसतं तरी का?"

"तुझ्याआधी दिसतं!"

मग त्यानं माझ्यासमोरच कायसाला फोन लावला. ती म्हणाली, "कोणतीही ठेवा बाबा. तुम्हाला आवडेल ती."

मला असा संताप आला! कोणतीही म्हणे! कपबशा निवडत होतो का आम्ही? अर्वो मात्र बुटकीवर हात फिरवत बसला. थोड्या वेळानं त्यानं तिला पुन्हा फोन लावला. "कोपरापासून बोटापर्यंत माप घेऊन सांग."

"स्वेटर विणताय की काय?" ती हसली, पण माप दिलं.

सगळा ऑक्टोबर तो डब्यातल्या त्या तुकड्याशी झटत होता. कॉफीचा कप धरवत नव्हता त्या हातांनी त्यानं तो स्क्रूंनी बसवला, घासला, तेल पाजलं. जोड बोटाला लागत नव्हता.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही केबिनमध्ये चूल पेटवत होतो, तेवढ्यात गाडी वाजली. दारात कायसा!

"माप कशाचं ते फोन ठेवल्यावर कळलं, मावशी," ती मला म्हणाली. "मग काही सुचेना. उद्या मीही येतेय."

अर्वो नुसता चुलीत लाकडं सारत राहिला, नको इतकी.

पहाटे तिनं आईचा कोट चढवला, रायफल उचलली आणि खांद्याला लावायला गेली. दस्ता काखेपाशी कोटात अडकला. पुन्हा उचलली, पुन्हा अडकली.

"अर्वो!" मी ओरडलेच. "कोट न घालता माप घेतलंस? इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं की जाड कोटावर दस्ता आखूड लागतो, नोव्हेंबरचं माप कोटावरून घ्यायचं!"

तो जमिनीकडे बघत होता. "कोट विसरलो नव्हतो गं," तो म्हणाला. "वाटलं, पोर काही शिकारीला यायची नाही, रायफल भिंतीवर लावेल. कधी आठवण आली तर घरातल्या घरात खांद्याला लावून बघेल. घरात कोण कोट घालतं?"

मी किटली चुलीवरून उतरवली.

कायसानं बाहीनं डोळे पुसले. "बाबा, स्क्रूड्रायव्हर कुठंय?"

तिनं स्वतःच स्क्रू काढले, तुकडा आईच्या कोटाच्या खिशात टाकला आणि रायफल पुन्हा खांद्याला लावली. आता कोटावरही बरोबर बसली.

"चला बाबा," ती म्हणाली, "उजाडायला आलं."