पालथा घातलेला टाक

आमच्या देव्हाऱ्यातला देवीचा चांदीच्या पत्र्याचा टाक मी एकदा माझ्या हाताने पालथा घातला होता. घराबाहेर कोणाला हे आजवर सांगितलेलं नाही. निव्वळ संताप होता तो. बारा वर्षं नवरात्राचे नऊ दिवस मी उपाशी राहिले, अनवाणी फिरले आणि तिने माझं कातडं सोलून काढलं, असं मला तेव्हा वाटत होतं.

मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. बेलापूरजवळ आमचं गाव. घरात हे, धाकटे दीर, जाऊ सखू आणि तिची पोरं. माझे सांधे धरले होते. सकाळी तांब्या धरायला मूठ वळत नसे. ह्यांनी मला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नव्याने निघालेल्या गोळ्या दिल्या आणि एक दिवसही चुकवू नका म्हणून बजावलं. मी कशाला चुकवते! बाटली देव्हाऱ्यातच ठेवली. रोज अंघोळ झाली की बाटलीला हळदकुंकू लावायचं, गोळी टाकाच्या पायाशी ठेवायची आणि तीर्थाबरोबर गिळायची. देवीचा हात लागलेलं औषध, म्हणून मी निर्धास्त होते.

चार-पाच महिन्यांनी छातीवर आणि पाठीवर फोड उठले. पाण्याने भरलेले, चोळी घासली तरी फुटायचे. शेजारच्या बायकांनी एकदा पाहिलं आणि सांगून टाकलं, "देवी आल्यात." मग आमच्याकडची रीत सुरू झाली. दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, आणि औषधाचं नाव काढायचं नाही, कारण त्याने देवीचा अपमान होतो. गोळ्या फडताळात गेल्या. महिना-सव्वा महिन्यात फोड सुकले. दहीभाताचा नैवेद्य दाखवून, ओटी भरून आम्ही देवीला निरोप दिला आणि दुसऱ्याच दिवशी मी बाटली पुन्हा देव्हाऱ्यात आणली.

पंधरा दिवसांत फोड परतले. या खेपेस तोंडातही. भाकरी सोडाच, ताकाचा घोटही झोंबायचा. बायका म्हणाल्या, निरोपात काहीतरी चुकलं, देवी रुसली, गोळ्या परत बंद करा. तेव्हा माझं डोकं फिरलं. तुझा मान राखायला मी औषध सोडलं, सांधे आखडून घेतले, आणि तरी तू परत आलीस? आता मुद्दाम घेणार. टाक पालथा घातला आणि त्याच्यासमोरच गोळी गिळली.

रोज गिळत राहिले आणि रोज जास्त सोलत गेले. सखूने माझं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत नेलं. ताट उंबऱ्यावर ठेवून ती मागे सरायची. पोरांना तर फिरकूच द्यायची नाही. हे दर शनिवारी शिंगणापूरला तेल वाहून यायचे. "देवाला त्याल घालता, माझ्या पाठीला कोन घालनार?" असं मी एकदा ओरडले. पुढच्या शनिवारीही ते तेल घेऊन निघाले, त्याचाही मला राग आला. मी मरणार हे सगळ्यांनी मनाशी धरलं होतं, आणि मीही.

एका दुपारी सरकारचा लस टोचणारा माणूस सायकलवर आला. देवीचे रोगी शोधत ही माणसं तेव्हा गावोगाव फिरत. "हितं देवी आल्यात म्हनून खबर हाय," तो म्हणाला. माझा तिळपापड झाला. घरातली गोष्ट बाहेर कोणी नेली? आता मला उचलून कुठेतरी टाकणार! मी तोंडाला येईल ते बोलले, त्याला, घराला, देवीला. तो उंबऱ्यावर बसून ऐकत राहिला.

"झालं बोलून? आता दंड दावा," तो म्हणाला. टोचल्याच्या जुन्या खुणा त्याने पाहिल्या, तळहात पाहिले, पाठ पाहिली. "मावशी, या देवी न्हाईत."

"मागच्या खेपेला आल्या, तशाच हायेत की!"

"देवी येकदा येऊन गेल्या की परत येत न्हाईत. मागच्या खेपेला कशानं गेलं ह्ये?"

"देवीनंच नेलं. औषध घ्यायचं नसतंय, म्हनून गोळ्या बी बंद हुत्या."

"आन् आता?"

"चालू हायेत."

बोलले आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं. तो उठला. "आजपास्नं बंद. बाटली घेऊन उद्याच नगरच्या दवाखान्यात जा." त्याने चिठ्ठी लिहून दिली. तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं.

नगरच्या डॉक्टरांनी समजावलं की त्या गोळ्यांमुळे अंगाची राखण करणारं रक्तच माझ्या कातड्यावर उलटलं होतं. दोन महिने मी तिथे होते. जगले. पण त्या दोन महिन्यांत एकच घोकत होते, खबर देणारा सापडू दे, त्याला सोडणार नाही.

घरात पाऊल ठेवताच विचारलं, खबर कोणी दिली? सखू चुलीपुढे होती. "म्याच दिली, आक्का," ती म्हणाली. "लेकरांपायी भ्या वाटलं. काय बोलायचं ते बोला."

मी देव्हाऱ्याकडे वळले. टाक पालथाच होता आणि त्याच्या पाठीवर त्या दिवशीचं ताजं फूल होतं.

"रोज वाहत हुते," सखू मागून म्हणाली. "पर उठीवला न्हाई. तुमी घातलाय, तुमीच उठवा."

माझा राग आजही गेलेला नाही. सांधे अजून धरतात आणि हे मलाच का, असं मी देवीला अजून विचारते. पण जी देवी मला टाकून गेली म्हणून मी शिव्या घातल्या, ती सखूच्या रूपाने माझ्याच चुलीपुढे, माझ्याच धाकाने गप्प बसली होती. माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि मी मात्र सगळं हातात घट्ट धरून बसले होते. त्या दिवशी टाक उचलायला गेले, तर बोटं वळेनात.

"सखू," मी म्हणाले, "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. तू उठव."

तिने उठवला. मग सोलून नवं कातडं आलेला माझा हात तिने न भिता आपल्या हातात घेतला आणि टाकाला लावला.