माझ्या फ्रीजमधलं इन्सुलिन

तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडूजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात मी डॉक्टर होते, तेव्हा माझ्या क्वार्टरमधला फ्रीज अर्धा माझा आणि अर्धा गावाचा होता. खालच्या कप्प्यांत माझं दही, इडलीचं पीठ, उरलेलं रसम. वरच्या कप्प्यात गावातल्या मधुमेहाच्या पेशंटांच्या इन्सुलिनच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला वेगळ्या रंगाचा दोरा, कारण नावाच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन गळून पडत.

केंद्रात फ्रीज नव्हता असं नाही, पण तो लसींचा. त्यात दुसरं काही ठेवायचं नाही असा नियम होता आणि तो बरोबरच होता. इन्सुलिन मात्र केंद्राला मिळतच नसे. लोक तंजावरहून विकत आणायचे. आणून ठेवायचं कुठे? टीव्हीवर रोज फ्रीजच्या जाहिराती लागत होत्या. गावात फ्रीज दोनच, एक माझा आणि एक गावच्या जमीनदारांचा, म्हणजे मिरासदारांचा, आणि मिरासदारांच्या स्वयंपाकघरात शेतमजुराला कोण शिरू देतंय! बाटली मातीच्या भांड्यात घालून ओल्या वाळूत ठेवा, असं मीच सांगून पाहिलं होतं. पण कत्तिरीचं, म्हणजे मे महिन्यातलं करपवणारं ऊन सुरू झालं आणि माझाच जीव राहीना. म्हटलं, आणा इकडे.

मग सकाळी खाण्याआधी आणि पुन्हा दिवेलागणीला मंडळी मागच्या दाराने यायची. मी सुई टोचायची आणि ते बोलत राहायचे. कालव्याला पाणी कधी सुटणार, कुणाच्या सुनेचं काय बिनसलं, मिनी बसचा कंडक्टर कसा माजलाय. मी वरवर कावायचे, की हा दवाखाना आहे, चावडी नाही. खरं म्हणजे माझं लग्न झालेलं नव्हतं, आईवडील गेले होते, आणि तंजावरचं घर भावाच्या संसाराने भरलं होतं. त्या दोन वेळा सोडल्या तर माझ्या घरात माणसाचा आवाज नसायचा. मला फार एकटं वाटायचं आणि ते मी कुणाला सांगत नव्हते.

त्यांच्यात एक अक्का होत्या. छत्राच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या विधवा, माझ्याशी आमची तंजावरी मराठी बोलणारं गावातलं एकमेव माणूस. आपली बाटली त्या स्वतः काढायच्या आणि जाता जाता माझ्या कप्प्यांची झडती घ्यायच्या.

"अगे, हे रसम परवांचं अहे कीं. तू जेवतींस कीं नाहीं?"

"जेवतें, अक्का."

"खोटं!"

दर महिन्याच्या मीटिंगला तंजावरला गेले की मी एकच विषय काढायचे: केंद्रांना इन्सुलिन द्या आणि ते ठेवायला वेगळा फ्रीज द्या. इतर डॉक्टरांना ग्राहक कोर्टाची धास्ती पडलेली, नाहीतर नव्या खाजगी इस्पितळांच्या गप्पा. जिल्ह्याचे साहेब हसून म्हणायचे, "अम्मा, तुमच्याकडे छान चाललंय ना? मग अडचण कुठे आहे?" माझ्या चांगुलपणाचं सरकारने धोरण करून टाकलं होतं. माझं डोकं असं फिरायचं की परतीच्या बसमध्ये शेजारणीशीसुद्धा धड बोलवायचं नाही.

एकदा त्या मीटिंगला मद्रासहून मोठे साहेब आले, तेव्हा मी सरळ उभी राहिले. म्हटलं, "माझी बदली झाली की माझा फ्रीज माझ्याबरोबर लॉरीत चढणार. मग या लोकांनी काय करायचं? दोन्ही वेळा माझ्या दारात रांग. मला आजारी पडायची सोय नाही, परगावी जायची सोय नाही. एकट्या बाईने किती ओढायचं हे?" शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलं होतं. बदलीच्या मुद्द्यावर साहेब नुसते मान हलवत होते, या वाक्यावर त्यांनी पेन उघडलं. त्या दिवशी माझ्याबरोबर आलेली आमच्या गावची नर्स मागच्या बाकावर बसून ऐकत होती.

काही महिन्यांनी मंजुरी आली. इन्सुलिन आलं, त्याच्यासाठी छोटा फ्रीज आला. मी इतकी खूश झाले की सगळ्यांसाठी रव्याची गोड केसरी केली. लोकांनी ती खाल्ली, हात जोडले आणि आपापल्या बाटल्या उचलून अंगणापलीकडे केंद्रात नेऊन ठेवल्या. अक्का शेवटी राहिल्या.

मी म्हटलं, "तुमची असूं द्या इथेंच. तुम्ही येत जा."

"नक्को गे." त्यांनी माझा हात हातात घेतला. "इतकीं वर्षें अम्हीं तुज त्रास दिल्हा. मज काय ठाऊक? तूच सभेंत सांगितलींस म्हणे, एकल्या बाईनं किती ओढायचं म्हणून. नर्सनं सगळ्यांस सांगितलं."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. त्या ओशाळल्या होत्या. ते साहेबांसाठी बोलले होते हो, एवढंच म्हणायचं होतं. पण मग खरं काय, ते सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना.

"बरं," मी म्हटलं.

मी पुढेही काही वर्षं त्या गावात होते. इन्सुलिन एकदाही कमी पडलं नाही. केंद्रात अक्का रांगेत उभ्या राहायच्या आणि नंबर आला की मला डॉक्टर म्हणायच्या. माझ्या मागच्या दाराशी पुन्हा कुणी आलं नाही; डॉक्टरम्मांना त्रास द्यायचा नाही, असं सगळ्या गावाने ठरवलं होतं.