धुरावर ओतलेलं पाणी

धर्मापुरीची मनिषा नेमकं करते काय, हे गावात विचाराल तर दहा जण दहा उत्तरं देतील. कोणी म्हणेल डॉक्टर झाली, कोणी म्हणेल उंदरांची डॉक्टर झाली. तिचे वडील उत्तरेश्वर पारावर बसून छातीठोक सांगायचे, "पोरगी डोस्क्याचं काम करती." ऐकणारा लगेच टोला हाणायचा, "मंग आमी काय गुडघ्याचं करतोय?" पण खरं सांगू? उत्तरेश्वरांचंच उत्तर सगळ्यात जवळचं होतं.

ऊसतोड्यांची लेक ही. चौथीपर्यंत दिवाळी झाली की शाळा सुटायची आणि आईबापासोबत उसाचा फड सुरू व्हायचा. पाचवीला वसतिगृहात राहिली, अंबाजोगाईला कॉलेज केलं, आणि तिथून जी हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेली ती गेलीच. तिथं तिनं एक प्रश्न धरला. पोटातल्या लेकराचा मेंदू घडताना एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, मग लाखो. आणि एके दिवशी त्या वाढायच्या थांबतात. त्यांना थांब म्हणतं कोण? सहा वर्षं या एका प्रश्नापायी तिनं सण बघितला नाही की लग्न बघितलं नाही. मग ध्यानात आलं की लहान मुलांच्या मेंदूतल्या काही गाठी म्हणजे ह्याच पेशी, ज्यांनी थांब म्हटलेलं ऐकलंच नाही. झालं, बाई कॅन्सरकडं वळल्या. तेवढ्यानंही भागलं नाही. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांच्यात फेरफार करून त्यांना गाठ ओळखायला शिकवायचं आणि मग त्यांना गाठीवर सोडायचं, हे तिसरं खूळ. "एका जन्मात तीन धंदे?" असं तिचे सर म्हणाले, तर ही म्हणे, "धंदा एकच आहे सर, मी नुसती पुढं चाललेय."

हे सरांना सांगायला तोंड होतं. आईला सांगायला नव्हतं. जानकीबाईनं विचारलं की ठरलेलं उत्तर, "तुला नाही कळायचं गं आई." शिकलेल्या लेकरांची ही एक वाईट खोड असते, आणि कधी ना कधी ती अंगाशी येतेच.

जानेवारीत तिला पुण्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. सामान मागून येणार होतं, पण सहा नळ्या मात्र ती स्वतः घेऊन निघाली. करंगळीएवढ्या त्या नळ्यांत सायली नावाच्या सात वर्षांच्या पोरीच्या गाठीच्या पेशी होत्या, गोठवलेल्या पण जिवंत. सायली तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या गाठीसारखी गाठ मनिषाला पुन्हा कुठं मिळाली नव्हती. शिकवलेल्या पेशी गाठीवर सोडून बघायच्या तर ती गाठ हवी ना! मागच्या उन्हाळ्यात फ्रीज बंद पडून निम्मा साठा नासला होता. उरल्या होत्या त्या ह्याच सहा. कुरिअरवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. थर्माकोलच्या पेटीत कोरडा बर्फ भरला, मधोमध नळ्यांची पुठ्ठ्याची डबी ठेवली आणि पहाटेच गाडी काढली. हा बर्फ वितळत नाही, त्याचा थेट धूर होऊन उडतो. पेटीत तो रात्रीपर्यंत पुरेल इतका होता.

वाट जराशी वाकडी केली की धर्मापुरी लागते. "चहापुरती तरी ये," जानकीबाई चार दिवस फोनवर म्हणत होती. मनिषा म्हणाली, बरं.

दुपारी गाडी उन्हात तापेल म्हणून ड्रायव्हर प्रविणनं पेटी उचलून ओसरीवर आणून ठेवली. "याला कोणी हात लावायचा नाही," मनिषानं सांगितलं. का ते नाही सांगितलं. आणि मागच्या अंगणात हातपाय धुवायला गेली.

आता जानकीबाईचं ऐका. तीस वर्षं तिनं फडावर काढली. राहायला पाचटाची कोपी म्हणजे झोपडी, दारात तीन दगडांची चूल. ठिणगी उडाली की विडी ओढून व्हायच्या आत कोपीची राख होते, आत निजलेल्या लेकरासकट. असं तिनं दोनदा डोळ्यांनी बघितलं होतं. त्यामुळं फडावरच्या बाईचा एक कायदा असतो, धूर दिसला की विचारायचं नाही, ओतायचं. ती चहाचे कप घेऊन ओसरीवर आली तर लेकीच्या पेटीच्या झाकणातून पांढरा धूर! कप पडले. झाकण उडालं. शेजारची भरलेली कळशी तिनं अख्खी पेटीत उपडी केली.

पुढं जे झालं ते तिनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. पेटी फसफसून उठली आणि ओसरीभर ढग पसरला. प्रविण ओरडला, "मॅडम! मॅडम!" मनिषा ओल्या पायांनी धावत आली तेव्हा आई त्या धुरात दुसरी कळशी घेऊन उभी होती.

"काय केलंस आई! अगं काय केलंस हे!"

"पेटलं व्हतं मने—"

"पेटलं नव्हतं! तो बर्फ होता! सगळं संपवलंस!"

तिनं पेटी आडवी करून पाणी सांडलं. तळाशी दोन-तीन मुठी बर्फ उरला होता. डबी भिजून लगदा झालेली. पदर हाताला गुंडाळून तिनं नळ्या काढल्या आणि उरल्यासुरल्या बर्फात खुपसल्या. अजून आतलं पांढरं घट्ट दिसत होतं. पांढरं दिसतंय तोवर आशा. फक्त एका नळीच्या काठाला गुलाबी थेंब सुटला होता. म्हणजे ती वितळायला लागली होती.

"किती टाइम हाय?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

"अर्धा तास. तेवढाही नाही." आणि मग ती आईवर पुन्हा कडाडली, "हे परत मिळायचं नाही, कळतंय का तुला? एक पोरगी होती. डोक्यात गाठ झाली, मेली. तिच्या गाठीचं जिवंत एवढंच उरलंय जगात!"

जानकीबाई रडली नाही. तिनं सांडलेल्या बर्फाकडं बघितलं, त्यातून निघणाऱ्या धुराकडं बघितलं आणि म्हणाली, "असाच धूर म्हाळूच्या डब्यातून निघतू."

"कोण म्हाळू?"

"गाय भरवाया येतू त्यो. झाकान काढलं की असाच धूर. म्हनला व्हता, मावशे, ह्यात बोट घालू नगं, गळून पडंल."

मनिषाला लगेच उमगलं. नायट्रोजन! वळूचं वीर्य ज्यात गोठवून ठेवतात तो द्रवरूप नायट्रोजन, कोरड्या बर्फापेक्षा दुपटीहून जास्त गार. तिच्या प्रयोगशाळेत नळ्या ठेवतात तो हाच. आणि तो या गावात मोटरसायकलीला बांधून हिंडत होता.

फोन लावला. म्हाळू उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. "सकाळी सोमेश्वरच्या गोठ्याकडं गेलता," जानकीबाई म्हणाली आणि ओल्या लुगड्यानिशी गाडीत जाऊन बसली. मनिषानं पेटीला गोधडी गुंडाळून मांडीवर घेतली. शिवरस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा. प्रविणनं हॉर्न दाबला तो दाबलाच. ट्रॅक्टरवाला खाली उतरून भांडायला लागला, "उडून जाऊ काय बे?" जानकीबाईनं खिडकीतून डोकं काढून त्याला जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही, पण ट्रॅक्टर बाजूला झाला. मनिषानं गोधडी उचकटून पाहिलं. आता दोन नळ्यांना थेंब होता.

गोठ्यात म्हाळूचा उजवा हात खांद्यापर्यंत गायीत होता.

"म्हाळू, फोन कावून उचलंना रं!"

"कोंच्या हातानं उचलू मावशे?"

मनिषानं एका दमात सांगितलं. डबा हवाय, आत्ता, आणि पुण्यापर्यंत हवाय. डब्यात म्हाळूच्या आठवडाभराच्या, वीर्यानं भरलेल्या काड्या होत्या, आणि दुसरा डबा त्याच्याकडं नव्हता. "ताई, माजावर आलेली गाय चार दिस थांबत न्हाई. शेतकरी मला शिव्या देतील." त्यानं सावकाश हात काढला. "हाय काय एवढं त्यात?"

मनिषा तोंड उघडणार तोच आई बोलली. "एका मेलेल्या लेकराचं हाय. माझ्या हातून नासायलंय. म्हाळू, तुझ्या पाया पडते."

"हॅट! पाया कावून पडायल्या!" म्हाळूनं हात जुन्या लुगड्याच्या चिंध्यांना पुसले, डब्याचं झाकण काढलं, आतली एक लांब दांड्याची नळकांडी वर ओढली, तिच्यातल्या काड्या दुसरीत सरकवल्या आणि म्हणाला, "टाका लवकर." सहाही नळ्या आत गेल्या. वर पांढरा धूर आला आणि निवला. "डबा आडवा करू नका. अन् माझ्या काड्या मला माघारी पायजेत."

रात्री नऊला ती पुण्यात पोहोचली. चौथ्या दिवशी प्रविण डबा परत देऊन आला.

पण नळ्या जगल्या का, हे धूर पाहून कळत नाही. ज्यांना थेंब सुटला होता त्या दोन तिनं आधी उघडल्या. निळा रंग टाकला की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत कोऱ्या राहतात. पहिलीत सगळं निळं. दुसरीतही निळं. तिसरी उघडण्याआधी ती थांबली, पाणी प्यायली आणि मग बसली. शंभरातल्या एकसष्ट कोऱ्या होत्या. तेवढ्यावरही तिनं विश्वास ठेवला नाही. पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली एकीच्या दोन झालेल्या दिसल्या, तेव्हा मात्र ती खुर्चीत बसून ढसाढसा रडली आणि आईला फोन लावला. ह्या वेळी सगळं सांगितलं, मेंदूपासून शिकवलेल्या पेशींपर्यंत. जानकीबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"मला काय सांगायलीस," ती म्हणाली. "तिच्या आयला सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. सायलीची आई मंगल, चकलांब्याची. हैदराबादच्या दवाखान्यात मराठी बोलणारं कोणी नव्हतं म्हणून गाठ संशोधनाला देण्याच्या कागदावर तिची सही घ्यायला मनिषाच गेली होती. नंबर होता. तीन वर्षांत एकदाही फिरवला नव्हता.

तिनं फिरवला. आपण कोण ते सांगितलं, पेशी जिवंत आहेत, वाढतायत असं सांगितलं.

"म्हंजी ती गाठ," मंगल म्हणाली, "जिनं माझी लेक खाल्ली, ती जित्ती हाय अजून?"

"हो," मनिषा म्हणाली. "तिला मारायचं औषध शोधायला मीच जिवंत ठेवलीय."

"मंग मारा, ताई." मंगल म्हणाली. "कितींदा बी मारा. अन् मेली की मला फोन करा."