अर्ध्यावर अडकलेली डोलकाठी

अजूनही चार बाया जमल्या की कुणीतरी विचारतंच, "काहो, ते तुमच्या ओसरीतल्या काठीचं काय झालं होतं?" एक गोष्ट सांगावी तर तिच्यामागून दुसरी निघते. काठी तीन आठवडे पडून होती, गोष्टी मात्र अजून उचलल्या गेल्या नाहीत!

आमचे हे कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवायचे. हे, शेजारचे नाना वकील आणि वरूडकडचे संत्रेवाले गुलाबराव, अशा तिघांनी मिळून मुंबईहून एक छोटी शिडाची होडी आणली. अमरावतीत समुद्र नाही, पण वडाळीचा तलाव होता ना! होडी तलावाकाठी ठेवली आणि तिची डोलकाठी आली आमच्या ओसरीत. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पोकळ पाइप, आपल्या जर्मनच्या भांड्यांसारखे हलके. वरचा पाइप खालच्यात हातभर सरकवायचा, की काठी पुरी झाली.

यांना पोहता येत नव्हतं. मी म्हटलं तर म्हणाले, "अगं, पोहायचंच असतं तर होडी कशाला आणली असती?"

बेबी तेव्हा आठ महिन्यांची. माझा जीव काय म्हणत असेल!

नारळ फोडला, आणि गुलाबरावांनी पाइप असा रेटला की वीतभर आत जाऊन रुतून बसला. ना पुढे, ना मागे. शीड तर पुऱ्या काठीवरच चढणार. गुलाबराव घाम पुसत म्हणाले, "मास्तर, हे तं आमच्या सुनेसारखं झालं. ना सासरी राहत, ना माहेरी जात!"

मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

* * *

पुढच्या रविवारी गुलाबराव बैल घेऊन आले. काठीचं एक टोक कडुनिंबाला बांधलं, दुसरं बैलाला. बैलाने एकच हिसडा दिला. दोर तुटला, काठी जशीच्या तशी, आणि बैल थेट राजापेठेतल्या भाजीवालीच्या पालकात!

नाना वकील ओसरीतूनच म्हणाले, "पालकाची केस टिकणार नाही. बैल आपल्या ताब्यात नव्हता."

गुलाबराव धावता धावता ओरडले, "वकीलसाहेब, केस मंग लढा! आधी बैल धरा!"

* * *

मग यांनी तेल सुरू केलं. बेबीच्या मालिशीची अख्खी बाटली! रोज कॉलेजातून आले की मांडी घालून काठी चोळत बसायचे. आठ महिन्यांत बेबीच्या पायाला यांचं एक बोट लागलं नव्हतं.

मी म्हटलं, "तिले टोपडंही शिवू का?"

हे म्हणाले, "कुणाला? बेबीला आहे ना!"

* * *

आणि मग आल्या सिंधूबाई. अकोल्याच्या, बीएस्सी झालेल्या, यांच्याच कॉलेजात नव्याने लागलेल्या. सायकलवरून आल्या. वर पोहताही येत होतं! त्यांनी दोऱ्याने काठी मोजली, वहीत आकृती काढली. त्यांनी काही म्हटलं की हे म्हणत, "वा!"

मी आत पोळ्या लाटता लाटता मोजले. अकरा 'वा'! लग्न होऊन तीन वर्षं झाली. माझ्या पुरणपोळीला मिळालं होतं, "बरी आहे."

त्याच दिवशी चहा ओतताना माझे दोन पितळी गिलास एकात एक रुतले. आतल्यात माठाचं पाणी ओतलं, बाहेरचा गरम पाण्यात धरला, सुटले. तेव्हाच डोक्यात आलं, काठीचंही असंच आहे की! पण मी तोंडातून ब्र काढला नाही. काठी अडकलेली, तर हे सुखरूप.

* * *

तिसऱ्या शनिवारी नाना, गुलाबराव जमलेले असताना सिंधूबाई स्टोव्ह घेऊनच आल्या. "उष्णतेने धातू पसरतो," म्हणाल्या आणि सांध्याखाली स्टोव्ह धरून बसल्या. अर्धा तास झाला. आतला-बाहेरचा दोन्ही पाइप तापले, दोन्ही पसरले, काठी ढिम्म! तरी हे म्हणतात कसे, "वा! दिशा अगदी बरोबर आहे."

बारावा!

माझ्याच्याने राहवलं नाही. बंबातलं उकळतं पाणी घेतलं, माठ काखेत मारला आणि बाहेर आले. "सरका! नाना, तुमी वरच्या पाइपात हे थंड पाणी ओता. गुलाबराव, ओढा!" आणि सांध्यावर मी कढत पाण्याची धार धरली.

फट्ट! गुलाबराव अर्धी काठी छातीशी धरून अंगणात उताणे!

सिंधूबाई बघतच राहिल्या. "वहिनी, तुम्ही शिकलात किती?"

"सातवी. पण गिलास रोज घासते."

मी यांच्याकडे पाहिलं. आता तरी 'वा' येईल! तर हे म्हणाले, "उद्या सकाळीच तलावावर! आणि होडीत पहिली तू अन् बेबी!"

मी बेबीला उचलून कडेवर घेतलं. मी म्हटलं, "बेबी शिंकून राहिली सकाळपासून. उद्या तर तिले अंघोळही घालणार नाही मी."

"गुंडाळून घे," हे म्हणाले.

* * *

रविवारी सगळे उजाडताच हजर. यांनी ओसरीतली चादर ओढली. काठी पुन्हा अडकलेली! या वेळी वीतभर नाही, चांगली दीड वीत.

"काल तर निघाली होती!" हे कपाळाला हात लावून म्हणाले.

गुलाबरावांनी ओढून पाहिलं. "मास्तर, ही आता बैलाच्या बापालेही आयकत नाही."

नाना म्हणाले, "घरात बाहेरचं कुणी आलं होतं का?"

सिंधूबाई पुढे झाल्या. त्यांनी सांध्याला बोट लावलं. मग न्हाणीशी गेल्या, बंबाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"वहिनी, आज इतक्या लवकर बंब पेटवला?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "बेबीच्या अंघोळीसाठी."

बेबी यांच्या कडेवर होती. तिच्या गालावर कालचं काजळ जसंच्या तसं फासलेलं.

सिंधूबाई तिच्यापाशी गेल्या. पदराच्या टोकाने ते काजळ पुसलं आणि यांना म्हणाल्या, "हो, आत्ताच न्हालेली दिसते."