पाय माझा हाय

"परकर वर कर," डॉक्टर म्हणाले.

मी केला नाही. म्हणून सिस्टरनं केला. पार मांडीपर्यंत. टेबलाभोवती माणसंच माणसं. डॉक्टरकी शिकणारी पोरं, बाईसाहेब, त्यांच्या मंडळाच्या बायका, एक फोटोवाला. मला तेरावं लागलं होतं. तेरा वर्षांच्या मुलीला असं भरदिवसा उघडं टाकलं तर तिला काय वाटत असेल, हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नव्हता. मी छताकडं बघत पडले होते. छताला पंखा होता, तो बंद होता.

डॉक्टरांच्या हातात फूटपट्टी होती. ती माझ्या गुडघ्यावर आपटत ते पोरांना सांगायला लागले. "बघा, स्नायू गेलेत. गुडघा वाकतो, पण वजन धरत नाही. म्हणून ही प्रत्येक पावलाला मांडी हातानं दाबते. आपण काय करणार? हाडाला हाड जोडून टाकायचं. पाय कायमचा सरळ."

कायमचा. मी मान वळवून अब्बांकडं बघितलं. ते दाराशी हात जोडून उभे होते.

"काय रे, तयार आहेस ना?" डॉक्टरांनी विचारलं. मला नाही, अब्बांना. डॉक्टर वयानं अब्बांच्या धाकट्या भावाएवढे असतील. तरी 'रे'.

"तुमचीच लेक म्हणून समजा, सायेब," अब्बा म्हणाले. "तुमी म्हणशीला तसं."

मला राहवलं नाही. आडवी होते तशीच बोलले, "पाय सरळच ऱ्हायला तर मग बसायचं कसं?"

डॉक्टर हसले. "अगं, बसून बसून जन्म गेला तुझा. आम्ही तुला उभी करतोय!"

सगळे हसले. बाईसाहेब हसल्या. फोटोवाला हसला. आणि दाराशी अब्बाही हसले. बाकीच्यांचं हसणं मी कधीच विसरले असते. अब्बांचं अजून विसरलेले नाही.

आम्ही पिंजारी. मूळचे मुरगूडकडचे. कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या एका गल्लीत एक खोली, खोलीपुढं पत्र्याची पडवी. पडवीत अब्बा पिंजणानं कापूस पिंजायचे, अम्मा खोळी शिवायची आणि गादीला टाके घालायचं काम माझं. मी तीन वर्षांची असताना ताप आला आणि डाव्या पायावरनं वारं गेलं. पोलिओ हा शब्द पुढं कळला. गल्लीला कळायची गरज नव्हती. गल्लीनं माझं नाव लंगडी ठेवून टाकलं होतं.

चालताना मी डावा हात मांडीवर दाबायचे, मग पाऊल पडायचं. हात, पाऊल. हात, पाऊल. माझे सगळे परकर त्या एकाच जागी विरायचे. पोरं मागनं नक्कल करत यायची. शाळा मी त्यापायीच सोडली. कुणी मारून सोडवली नाही, कुणी जा म्हणून ढकलली पण नाही.

पण एकदा का मी बसले, की गोष्टच वेगळी. गादीवर मांडी घालून बसायचं, डावा पाय हातानं उचलून आत घ्यायचा, गुडघ्याखाली गादीची कड दाबून धरायची आणि दाभण चालवायचं. माझ्यासारखा घट्ट टाका आमच्या घरात कुणालाच जमत नव्हता. अब्बांनाही नाही, आणि हे ते स्वतः गिऱ्हाइकाला सांगायचे. घरात सगळे एका ताटाभोवती बसायचे, त्यात मी बसायचे. लग्नाकार्यात बायकांच्या घोळक्यात बसायचे. कुणी नवीन बाई आली तर तिला मी उठेपर्यंत काही कळायचंच नाही. बसलेली असताना मी लंगडी नव्हते. एवढी एकच जागा मला जगात मिळाली होती, ती म्हणजे जमीन.

आणि नेमकी तीच काढून घ्यायचं ठरत होतं.

अब्बा वाईट नव्हते. हे मी आज म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते. बाईसाहेबांच्या बंगल्यावरच्या सगळ्या गाद्या, लोड, तक्के आमच्याकडं असायचे. त्यांच्या नात्यागोत्यातल्या घरांचं कामही त्यांच्याच शब्दावर यायचं. एकदा त्यांनी मला अब्बांसोबत चालत येताना बघितलं आणि त्यांना माझी दया आली. मोठ्या माणसांना दया आली की लहान माणसांना ती घ्यावीच लागते. त्यांचं मंडळ पोलिओच्या मुलांची ऑपरेशनं फुकट करून देणार होतं. मोठे डॉक्टर बाहेरगावाहून येणार होते. अब्बांना नाही म्हणता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना नाही म्हणायचंही नव्हतं. सरळ पायाच्या पोरीला स्थळ येईल, असं त्यांच्या डोक्यात होतं.

घरी मी अम्माला म्हटलं, मला ते नको. अम्मा खोळ उसवत होती. मान वर न करता म्हणाली, तुझे अब्बा तुझं वाईट करतील का? अब्बा वाईट करणार नाहीत, हे मलाही माहीत होतं. पण वाईट न करणं आणि विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वयात मला सांगता येत नव्हतं.

दवाखाना खासगी होता. आम्हा पोरांसाठी मागची एक लांब खोली दिली होती. डॉक्टर म्हणाले, आधी प्लास्टर घालू, सरळ पायाची सवय होईल, ऑपरेशन नंतर. जांघेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. अब्बा एकदाच थांबले, डोक्यावर हात ठेवला आणि गेले. हंगाम गाद्यांचा होता.

त्या खोलीत मी कुणाशी बोलले नाही. बाकीची पोरं लहान होती, आईसाठी रडायची. माझं रडायचं वय गेलं होतं आणि बोलायला कुणी नव्हतं. जेवायच्या वेळी मावशी खाली सतरंजी टाकायची, पोरं खाली बसून जेवायची. मी एकटी खाटेवर. पाय पुढं ओंडक्यासारखा. ताट मांडीवर धरायचं तर मांडीच नव्हती. मावशी म्हणायची, "तुला बरं हाय बाई, राणीसारखं वर बसाया मिळतंय." राणी! भात अंगावर सांडायचा तिच्या राणीच्या.

सगळ्यात वाईट संडास. खाटेवर भांडं द्यायचे. खोलीत पोरं, पोरांना भेटायला आलेले बाप, चुलते, आणि सिस्टर मोठ्यानं विचारणार, "झालं का गं?" मला व्हायचंच नाही. एका दुपारी सगळे झोपले होते. मी भिंत धरत धरत मागं संडासात गेले. आपला साधा खाली बसायचा संडास. उजवा पाय दुमडला, डावा दुमडेना. दुमडणार कसा? तोल गेला आणि मी तिथंच पडले. त्या फरशीवर, त्या घाणीत. उठता येईना. पाय दाराला अडकला, दार उघडेना. मी हाका मारल्या. कुणी आलं नाही. मग हाका मारणं थांबवलं. पडल्या पडल्या मला सगळं स्वच्छ दिसलं. हे प्लास्टर निघेल. पण ऑपरेशन झालं की आतलं प्लास्टर कधीच निघणार नाही. मी म्हातारी होईन तरी कुणीतरी मला उचलून बसवायचं आणि उचलून उठवायचं. गादी शिवायची नाही. ताटाभोवती बसायचं नाही. डॉक्टर मला उभी करणार होते, आणि मग मी जन्मभर उभीच राहणार होते.

मावशीला मी सापडले तेव्हा तिनं आधी मला शिव्या घातल्या. धुताना मात्र तिचा हात हलका होता.

अब्बा आले ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी प्लास्टर कापलं. पाय नुसता काडी झाला होता. मी हातानं गुडघा वाकवून बघितला. वाकला. दुखला, पण वाकला. मी अब्बांना म्हटलं, "अब्बा, नको. घरी चला." संडासातलं सगळं सांगितलं. मुलगी बापाला जे सांगत नाही तेही सांगितलं.

अब्बांनी इकडंतिकडं बघितलं. कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग म्हणाले, "गप बस. शिकल्याली माणसं हाईत ती. तुझ्यापरास जास्त कळतंय त्यास्नी."

"पन पाय माजा हाय की."

"आनि तू कुनाची हाईस?" अब्बा म्हणाले.

 

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हिरवा सदरा घालून ट्रॉलीवर आडवी केली. ऑपरेशनच्या खोलीबाहेर डॉक्टर उभे, बाईसाहेब उभ्या, फोटोवाला आलेला. अब्बा भिंतीला. बाईसाहेबांनी माझ्या गालाला हात लावला. "घाबरू नकोस हं, तुझ्या वडिलांनी होकार दिलाय." त्यांचा हात गार होता आणि त्याला अत्तराचा वास होता.

मी उठून बसले. ट्रॉलीची कड धरली आणि खाली उतरले. पडले म्हणा, उतरले म्हणा. मग फरशीवर मांडी घातली. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. गादीवर बसते तशी बसले.

"ए मुली, ऊठ," डॉक्टर म्हणाले.

"न्हाय उठणार."

"अगं, तुझ्या वडिलांनी..."

"त्यांनी दिला आसंल. मी न्हाय दिला. मला इचारलंय कुनी?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "पाय माजा हाय. मला इचारा."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"सायेब, तुमी एक पाय ताठ धरून हितं बसून दावा. मग कापा माजा पाय."

कुणी हसलं नाही. डॉक्टरांना काही पटलं असेल असं समजू नका. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता. ते अब्बांकडं वळले. "घेऊन जा हिला. आणि परत या दारात आणू नकोस. बाहेर दहा पोरं ताटकळलीत." बाईसाहेब एवढंच म्हणाल्या, "उपकाराची जाणच नाही लोकांना." फोटोवाल्यानं फोटो काढला नाही.

अब्बांनी मला थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. मला वाटतं, ती बाईसाहेबांना दाखवायला होती. लागायची तेवढी लागली.

घरी चालत आलो. अब्बा पुढं, मी मागं. हात, पाऊल. हात, पाऊल. कित्येक दिवस पाय टेकला नव्हता, जीव जात होता. बिंदू चौकात मी थांबले, अब्बा थांबले नाहीत. त्यांची पाठ गर्दीत दिसेनाशी झाली. भर चौकात मी उभी होते आणि मला एवढं एकटं कधीच वाटलं नव्हतं, त्या संडासातसुद्धा नाही.

बंगल्याचं काम दुसऱ्या पिंजाऱ्याकडं गेलं. मग त्यांच्या नात्यातली घरंही गेली. घरात कुणी मला त्यावरून बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. अब्बा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. खोळ दे. सुतळी दे. स्थळं आली नाहीत. पाठच्या दोघींची लग्नं झाली, मी त्यांच्या गाद्या शिवल्या. अब्बा गेले तोवर आमच्यात त्या सकाळचा विषय निघाला नाही. त्यांनी काढला नाही, मी काढला नाही.

आता माझी चाळिशी जवळ आली. अलीकडं गुडघा सुजतो, टाके घालताना कळ मारते. म्हणून गेल्या आठवड्यात धाकट्या भावाबरोबर एका नव्या डॉक्टरकडं गेले. तरुण डॉक्टर, सभ्य बोलणारा. गुडघा दाबून बघितला. म्हणाला, "लहानपणीच सरळ करून घेतला असता तर आज चालणं बरंच बरं असतं."

असेल. खरंही असेल. त्या डॉक्टरांना हाडांतलं कळत होतं, हे मी कुठं नाकारते? चालणं सुधारलं असतं आणि बसणं गेलं असतं. मी बसणं धरलं. चुकीचं धरलं असेल तर कळ माझ्याच पायात येते, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मग तो तरुण डॉक्टर हात पुसत म्हणाला, "अजूनही ऑपरेशन करता येईल. तुमच्या भावाला आत बोलवा, त्यांच्याशी बोलतो."

मी तेरा वर्षांची नव्हते. माझ्या डोक्याचे केस पिकायला लागलेत. माझ्या कमाईवर घरात चूल पेटते. तरी बोलणं भावाशी. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, मी त्याला कडेवर घेऊ शकले नाही म्हणून मांडीवर वाढवला.

"भाऊ भाईर बसलाय," मी म्हटलं. "पाय हितं हाय. काय सांगायचं ते मला सांगा."

तो गोंधळला. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि सांगायला लागला. मी सगळं ऐकलं. न कळलेलं परत विचारलं. ऑपरेशन करायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. हो म्हणेन, नाही म्हणेन. पण ते माझ्या तोंडून निघेल. त्याआधी या गुडघ्याला कुणी हात लावायचा नाही. बाप असता तरी नाही.